सीटवरची झूल

जिल्ह्याच्या गावातल्या एका शोरूमवाल्यानं मला फसवलं. सहा एअरबॅगांची म्हणून त्यानं मला गाडी विकली आणि त्यातल्या दोन, पुढच्या सीटांच्या कुशीत असतात त्या, स्वतःच्याच शेडमध्ये रेक्झिनखाली शिवून बंद करून दिल्या. त्यातली उजवीकडची माझ्या मुलीसाठी होती. आज तिचा उजवा हात मनगटातून वर उठत नाही. ती जनावरांची डॉक्टर आहे.

मी जनावरांच्या बाजारात मोठा झालो. मिसरूड फुटायच्या आधीपासून दुसऱ्यांचे बैल पायी हाकत केजच्या बाजाराला नेत होतो. पुढे हेडी झालो. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. शब्द ऐकून लोक नाक मुरडतात, पण अडले की त्यालाच शोधत येतात. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करायचा, तोंडानं मात्र पावसापाण्याचं बोलत राहायचं, हे मी असं शिकलो की समोरच्याच्या बोटाला घाम आला की मला त्याचा शेवटचा भाव कळायचा. आता बैलांचा धंदा राहिला नाही. युसूफ वडगावच्या रस्त्याला माझं पेंडीचं दुकान आहे. डोळा मात्र हेड्याचाच राहिला.

त्या धंद्यातल्या दोन सवयी अंगात मुरल्या. एक म्हणजे झूल काढून बघणं. बाजारात बैल नटवून आणतात, पाठीवर भरजरी झूल टाकतात. झुलीखाली जखम असते, कधी गाठ असते, कधी जुवानं सोललेला खांदा असतो. मी कधीही झूल काढल्याशिवाय बैलाला हात लावला नाही. दुसरी सवय म्हणजे सौदा ठरला की वर काहीतरी घेणं. दावं घ्या, घुंगरमाळ घ्या, पेंडीचं अर्धं पोतं घ्या, पण घ्यायचंच. त्याशिवाय शेवटचा शब्द आपला झाला असं वाटत नाही.

मुलगी शिकली, डॉक्टरीण झाली आणि धारूरला दवाखाना टाकून बसली. बालाघाटाच्या त्या चढउतारावर वाड्यावस्त्यांना मेंढरं, शेरडं, गाई. बोलावणं कधी येईल याचा नेम नाही. एकदा मी तिच्याबरोबर गेलतो. गाय अडली होती. ही शेणाचिखलात आडवी झाली, हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात, डोळे मिटलेले. आत वासराचा पाय कुठं मुडपलाय ते ती बोटांनी शोधत होती. मालक तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा. बराच वेळ ती चाचपत राहिली. मग म्हणाली, "घावला." वासरू बाहेर आलं, नाकातनं फुरफुरलं. जन्मभर मी जनावरं हाताळली, पण तसा हात माझाही नाही. तेव्हा छाती भरून आली. तोंडावर मात्र, "कपडे बघ, काय करून घेतले," एवढंच बोललो.

ती स्कुटीवर हिंडायची. घाटात ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे डोलणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या. म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. छोटी हवी, वस्तीच्या बोळात वळली पाहिजे. विजेवरची म्हटलं तर लाइटीचा आमच्याकडं काय भरवसा? मग हायब्रिड ठरली. पेट्रोलही आहे, बॅटरीही आहे, प्लग लावायचं काम नाही. मुलीनं सगळं वाचून ठेवलं होतं. ठोकरीच्या परीक्षेत गाडीला स्टार किती मिळाले, आणि ते खालच्या मॉडेलला मिळाले की वरच्या, हेसुद्धा.

शोरूममधला विक्रीचा माणूस टाय लावून होता, पण बोली आमचीच. बसायच्या आधीच आमच्या भागातल्या देवस्थानाचं नाव घेऊन मोकळा झाला, "मी नारायणगडाच्या पायथ्याचा हाय काका, परका समजू नका."

"परका असतास तर भाव जास्त सांगितला असतास का कमी?" मी विचारलं.

तो हसला आणि मुलीकडं वळला. "खालच्या मॉडेलला दोन एअरबॅग, मॅडम. वरच्याला सहा."

मी म्हणालो, "खालचंच दे. राहिलेल्या चार बाहेरून बसव. मजुरी तुझी."

"काका, ती काय टेप हाय का? गाडी बांधतानाच येतं ते."

"मंग सहातल्या चार दे आन् मधला भाव लाव."

"आप्पा," मुलगी म्हणाली, "शेळ्या न्हाईत ह्या, कळपातनं निवडून घ्यायला."

त्यावर तो माणूस इतका हसला की काचेच्या केबिनमधल्या मॅनेजरनं मान वर केली. मुलगी हसली नाही. तिनं सरळ विचारलं, "समोरून धडकली तर स्टेअरिंगमधली एअरबॅग हाय. मला हे सांगा, मी एकटी चालवणार, अन् बाजूनं कुणी दारात घुसलं तर काय?"

तेव्हा त्यानं मांडलेल्या गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला, जिथं बारीक अक्षरात एअरबॅग असं लिहिलेली कापडाची चिठ्ठी होती, तिथं तळवा ठेवला आणि थोपटलं. "हितनं निघती, मॅडम. दार आन् तुमची बरगडी, ह्याच्या मधी. खांद्यापासून कमरंपर्यंत धरती. आन् वरून छतातून एक पडदा पडतो, तो डोक्यासाठी."

बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी थाप मारली त्यानं. त्याचा हात कुठं होता ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. पुढचं सगळं त्या जागेवर अडलं आहे.

वरचं मॉडेल ठरलं. भाव मात्र तो सोडेना. कंपनीचा भाव, माझ्या हातात न्हाई, कंप्युटरच घेत न्हाई. मी उठून दारापर्यंत जाऊन आलो, आवाज चढवला, चहा नको म्हणालो, मग पिला. काही हललं नाही. तेवढ्यात मुलीला फोन आला, कुणाची शेळी फुगली होती. ती औषध सांगत बाहेर अंगणात गेली. आत मी, तो आणि भिंतीवर टांगलेले सीट कव्हरांचे नमुने.

"वर काय देतो?" मी म्हणालो.

"मॅट देतो, परफ्युम देतो, गाडी झाकायचं कापड देतो."

"परफ्युम तुझ्या टायला लाव. ते सीट कव्हर दे. ते जाड, दुहेरी शिलाईचं."

तो थांबला. मला आठवतं, तो थांबला. "काका, ह्या गाडीला कंपनीचं कव्हर घ्यावं लागतं. ते येगळं असतंय. जरा महाग हाय."

"फुकट दे म्हणलं की महागाचं आठवतंय होय रे? हे भिंतीवरचं कावून टांगलंय मंग, शोभंला?"

केबिनमधून मॅनेजर ओरडला, "अरे, देऊन टाक की! वरची गाडी घेतलीय साहेबांनी!"

आणि त्यानं देऊन टाकलं.

त्यानं मला कव्हराची किंमत सांगितली, कारण सांगितलं नाही. कंपनीच्या कव्हराला त्या बाजूला मुद्दाम कच्ची शिवण ठेवतात, एअरबॅग फुगली की ती उसवते. भिंतीवरच्या कव्हराला तसं काही नसतं. हे एक वाक्य होतं. नारायणगडाच्या पायथ्याच्या माणसाला नारळ फोडायला लागतो तेवढाही वेळ त्याला लागला नसता. मला वाटलं, हा महागाचं गळ्यात मारतोय. वाटणारच. आयुष्यभर मला महागाचंच गळ्यात मारायला निघालेले लोक भेटले.

शेडमध्ये त्यांच्या माणसानं कव्हर चढवलं. हलगीचं कातडं ताणावं तसं ताणलं. मी चिमटा घेऊन बघितला, एक सुरकुती नाही. "चांगलं बसवलं," असं मीच म्हणालो त्याला.

मुलगी आत आली, सीटवर हात फिरवला. "हे कावून घेतलं, आप्पा?"

"फुकट मिळालं."

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली आणि हसली. तिलाही ते बरंच वाटलं. शेणाचिखलाच्या कपड्यांनी बसायचं, रेक्झिन पुसता येतं. ती चिठ्ठी कव्हराखाली गेली होती, हे तिच्याही ध्यानात आलं नाही.

गाडी घरी आली तेव्हा बायकोनं डॅशबोर्डावर चिकटवायला देवाची मूर्ती काढली. मुलगी आडवी आली. "आई, तिथं एअरबॅग हाय. फुटली तर देव तोंडावर यील."

"मंग देवानं जायचं कुठं?"

शेवटी देव गिअरजवळच्या, पाण्याचा ग्लास ठेवायच्या खळग्यात बसवला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू गाडी मीच बनवली होती. मग गाडी नारायणगडाला नेली, चाकापुढं नारळ फोडला. एअरबॅगसाठी आम्ही देव हलवला, एवढं आम्हाला कळत होतं. तिची जागा अडवायची नाही, हे आमच्या घरातल्या कधी गाडीत न बसलेल्या बाईलाही पटलं होतं. जिथं लिहिलेलं दिसत होतं तिथलं आम्ही पाळलं. जिथलं झाकून दिलं तिथलं कसं पाळणार?

गाडी बरी चालली. हळू असली की आवाजच नाही. वाटेत बसलेली मेंढरं उठायची नाहीत. धनगराच्या वस्तीवरचे लोक म्हणायचे, डॉक्टरीणबाईची गाडी बंद पडूनसुद्धा चालतीय.

मग ती सकाळ. धारूरच्या अलीकडं, उजवीकडच्या शेतातून एक पांदी रस्त्याला मिळते. त्या पांदीतून कांद्यानं भरलेला पिकअप न बघता वर चढला आणि मुलीच्या दारात घुसला.

पुढचं मला वस्तीवरच्या एका धनगर म्हातारीनं सांगितलं. तिच्या मेंढरांना मुलगी औषध द्यायची. माणसं धावली, पण गाडीपाशी येऊन थबकली. इंजिनाचा आवाज नाही आणि आतले दिवे चालू. कुणीतरी ओरडलं, "हात लावू नका बे, बॅटरीची गाडी हाय, करंट लागंल!" सगळे मागे. कुणी म्हणालं, वायरमनला बोलवा. एकानं लांबून काठीनं बॉनेटला ढोसून पाहिलं. आतून मुलगी बोलत होती, तिला श्वास पुरत नव्हता. "न्हाई लागत करंट. या. डावीकडनं या."

"म्या म्हणलं," म्हातारी सांगत होती, "माझ्या मेंढीला टोचताना ती म्हणती भिऊ नको, तर मेंढी भीत न्हाई. म्या कावून भिऊ?" तिनं डावीकडचं दार उघडलं. मग लाजून बाकीचे आले.

डोक्याला एक टाकाही पडला नाही. छतातला पडदा पडला होता, त्यानं डोकं धरलं. पण बरगड्या मोडल्या, आणि दारानं दंडाचं हाड मोडून त्याच्यावरून जाणारी नस चिरडली. हाडाला पट्टी बसवली. नसेबद्दल डॉक्टर म्हणाले, जागी होईल किंवा होणार नाही, वाट बघायची. आम्ही वाट बघतोय. ती डाव्या हातानं उजवं मनगट वर उचलते आणि सोडते. ते खाली पडतं. पुन्हा उचलते. मी खोलीत आलो की थांबते.

पिकअपवाला दवाखान्यात आला. टोपी काढली आणि म्हणाला, "चूक माझी हाय. म्या बघितलं न्हाई." मी हात उचलला. तो हलला नाही, तसाच उभा राहिला. हात आपोआप खाली आला. माझं त्याच्याशी भांडण नाही. त्यानं आपली चूक आपल्या तोंडानं सांगितली.

गाडी एका गॅरेजच्या आवारात ओढून ठेवली होती. आत राहिलेली तिची औषधांची पेटी आणायला मी गेलतो. छतातून तो पांढरा पडदा लोंबत होता. पेटी काढताना ड्रायव्हरच्या सीटला हात लागला, आणि हात तिथंच थांबला. पाठीच्या बाहेरच्या बाजूला कव्हराखाली फुगवटा होता. मऊ नाही, टणकही नाही. चामडीखाली गाठ असावी तसा. आयुष्यभर ज्या हातानं गाठी शोधल्या त्या हाताला ती कळली. खिशात पोत्याची सुतळी कापायचा चाकू होता. मी शिवणीला चाकू लावला आणि रेक्झिन खालपर्यंत फाडलं.

आतून पांढरं कापड बाहेर आलं. चुरगळलेलं, मागच्या बाजूला दाबून बसलेलं. एअरबॅग फुटली होती, फुगायला निघाली होती. तिला वाट मिळाली नाही. दुहेरी शिलाई एका टाक्यानंही उसवली नव्हती. त्या शेडमधल्या माणसानं खरंच चांगलं बसवलं होतं.

गॅरेजवाला मागे येऊन उभा राहिला. मी म्हणालो, "डॅशबोर्डाचं एवढं टणक प्लास्टिक फोडून येणारी ही वस्तू, आन् रेक्झिनला अडली?"

"प्लास्टिकला आतून चीर दिलेली असती, मालक," तो म्हणाला. "शिलाईला कोण देतंय?"

मी तो फाडलेला तुकडा घेऊन शोरूमला गेलो. मॅनेजरच्या टेबलावर टाकला. त्यानं आधी थंड मागवलं. मग म्हणाला, कव्हर आमचं नाही, बाहेरच्याकडून घेतो. मग म्हणाला, अख्खा जिल्हा कव्हर घालतो. मग शेवटचं काढलं, "साहेब, कव्हर तर तुम्हीच मागितलं. मी तर साक्षीदार आहे."

"तू साक्षीदार न्हाईस," मी म्हणालो, "तू केबिनमधून ओरडलास देऊन टाक म्हणून. साक्षीदार गप असतो." थंडाची बाटली टेबलावरून खाली गेली. ती मी पाडली की पडली, ते सांगता येणार नाही. विक्रीचा माणूस दारापाशी उभा होता, तोच टाय. तो फरशीवरच्या काचांकडं बघत होता.

मुलीचा फोन आला. बायकोनं तिला सांगितलं असणार. "आप्पा, भांडू नका. दुसऱ्या गाड्यांचं विचारा. किती सीटा शिवल्यात त्यांनी?"

मी बाहेर शेडकडं गेलो. तिथं तीच गाडी उभी होती, दुसऱ्या रंगाची. पुढच्या सीटवर सून बसलेली, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. आणि तिचा सासरा, माझ्याच वयाचा एक माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा, ताणलेलं कव्हर चिमटा घेऊन तपासत होता. तोंडावर माझंच त्या दिवशीचं हसू होतं. ते मी ओळखलं.

"वर काय घेतलं?" मी विचारलं.

"समदं!" तो म्हणाला. "मॅट घेतली, छत्री घेतली, हे कव्हर तर देतच नव्हते, भांडून काढलं!"

"ते काढून टाका." मी सांगितलं, कुठं एअरबॅग असते, काय झालं, कुणाचा हात. टेबलावरून उचलून आणलेला तुकडा दाखवला.

त्यानं मला खालून वर बघितलं. "तुमाला फुकट मिळालं न्हाई वाटतं," तो म्हणाला, आणि सून तोंडाला पदर लावून हसली.

मी विक्रीच्या माणसाला हाक मारली. "ये हिकडं. त्या दिवशी माझ्या पोरीला दाखवलंस तसं दाखव. हात ठेव तिथं आन् ह्यांना सांग, हितनं काय निघतंय. मी बोललो तर म्हातारा पिलाय म्हणतील. तू टाय लावतोस, तुझं ऐकतील."

तो दोन पावलं आला. मग त्यानं केबिनकडं बघितलं. मॅनेजर काचेतून बघत होता. विक्रीचा माणूस थांबला. तसाच, त्या दिवशी थांबला होता तसा. आणि गाडी निघून गेली, बिनआवाजाची, कव्हरासकट, सुनेला पुढं बसवून.

आमच्या बाजारात बैल विकताना खोड सांगावी लागते. मारका असेल, जुवाखाली बसत असेल, तर सांगायचं. घेणारा झुलीवर भाळून बैल मागत असला तरी सांगायचं. न सांगता विकला आणि खोड निघाली, तर पुढच्या बाजाराला बैल परत येतो आणि विकणाऱ्याला चार माणसांत उभं राहून उत्तर द्यावं लागतं. अडाणी लोकांचा, शेणाच्या वासाचा बाजार आहे तो. तिथं हे चालतं.

मागितलं मी. गिऱ्हाईक मागणारच, त्याला जेवढं दिसतं तेवढं तो मागतो. नको म्हणणं त्याचं काम होतं, ज्यानं त्या जागेवर तळवा ठेवून थोपटलं होतं. तेव्हा आता केबिनमधल्यानं आणि टायवाल्यानं, दोघांनी, धारूरला माझ्या मुलीच्या घरी यावं. तिच्या उजव्या हाताशेजारी बसावं आणि एकच सांगावं, त्या सीटवर कव्हर चढवलं तेव्हा खाली काय आहे हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? माहीत नव्हतं, तर सहा एअरबॅग म्हणून कशाच्या जोरावर विकता? आणि माहीत होतं, तर त्या हाताचं उत्तर द्या. मला नको. तिला द्या.